चुकीच्या आजारासाठी प्रार्थना

माझ्यासाठी तीन रविवार आमच्या चर्चच्या अख्ख्या मंडळीने डोळे मिटून, मनापासून प्रार्थना केली. अडचण एवढीच होती की प्रार्थना कावीळ बरी व्हावी म्हणून चालली होती आणि मला झाला होता टीबी.

आज हे हसत लिहिते आहे, कारण गोळ्या संपल्या आहेत, वजन परत आलं आहे आणि आई पुन्हा माझ्यावर ओरडायला लागली आहे. तेव्हा हसू आलं नव्हतं. ज्यांच्या हातात नुकताच असा रिपोर्ट पडला आहे आणि जे तो पर्समध्ये चार घड्या घालून लपवून बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मला एकच गोष्ट नीट कळली आहे. आजार लपवायला फार कष्ट पडतात, आणि नेमके तेव्हाच अंगात कष्ट करायची ताकद नसते.

सिंह, दुकान आणि दोन बादल्या

मी करुणा. घर वाघोलीत, नगर रस्त्यापासून आत चालत दहा मिनिटांवर. आजारी पडले तेव्हा मी टांझानियातल्या एका छोट्या गावात मिशनरी म्हणून वीस महिने काढले होते. तीन वर्षांची सेवा होती, त्यातले सोळा महिने शिल्लक होते.

पुण्यात ‘आफ्रिकेत मिशनरी’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे जंगल येतं. मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, सिंह पाहिलास का? पाहिलाय की. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात, चौथीच्या सहलीला. टांझानियात मी पाहिली ती हजेरीपुस्तकं. पहाटे पाचला उठायचं, गल्लीच्या टोकाच्या नळावरून दोन बादल्या पाणी आणायचं, उजी प्यायची (म्हणजे मक्याच्या पिठाची पातळ लापशी), आणि साडेसातला शाळा. तिसरीचा वर्ग माझा. गणित, इंग्रजी आणि कुणाची पेन्सिल कुणी घेतली याचे निवाडे. गुरुवारी दुपारी घरोघरी भेटी असायच्या. कुणी आजारी, कुणी बाळंतीण, कुणाच्या घराचा पत्रा उडालेला. तिथे जाऊन बसायचं, गाणं म्हणायचं, प्रार्थना करायची, दिला तर चहा प्यायचा. रविवारी उपासना. मिशनरीचं आयुष्य ते एवढंच असतं, आणि मला ते मनापासून आवडत होतं.

त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालवणारे भारतीय आहेत. त्यामुळे पहिले सहा महिने मला भेटणारा प्रत्येक माणूस विचारायचा, “तुझं दुकान कुठेय?” दुकान नाही म्हटलं की त्यांना माझी फार दया यायची.

माझ्या खोलीत नीमा होती. माझ्याच वयाची, पहिलीची शिक्षिका, उपासनेत गाणारी. खोली लहान, दोन खाटा, एक खिडकी. डासांच्या भीतीने ती खिडकी आम्ही अंधार पडायच्या आधीच घट्ट लावून घ्यायचो. मलेरिया होऊ नये म्हणून मी काय काय केलं होतं याची यादी मोठी आहे. बंद खोलीत टीबी लवकर पसरतो, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

नीमाची माझी खरी ओळख एका बादलीवरून झाली. पहिल्याच आठवड्यात नळावरून येताना मी ठेचकाळले आणि बादली पालथी झाली. मागून नीमा म्हणाली, “पोले.” मला वाटलं टोमणा मारतेय. मी पुण्याची. आमच्याकडे बादली सांडली तर ‘डोळे कुठे ठेवलेत’ असं विचारायची पद्धत आहे. मी फणकाऱ्याने बघितलं, तर ती माझी बादली उचलून पुन्हा रांगेत उभी राहिली होती. मग कळलं की तिकडे हा शब्द सगळ्यांनाच म्हणतात. ठेच लागली, ताप आला, बस चुकली, नवरा वारला, तरी पोले. चूक कुणाची याची चौकशी त्यात नसते. तुझ्यावर वाईट वेळ आली, मी बघितलं, एवढंच. वर्षभराने मलाही ती सवय लागली. पुण्यात आल्यावर पीएमटीत एका बाईंचा पाय तुडवला गेला तेव्हा मी “पोले” म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढच्या थांब्यावर उतरले.

किरकोळ खोकला

मिशनरीला दर महिन्याला घरच्या मंडळीला एक प्रार्थनापत्र लिहावं लागतं. इथे पुण्यात रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब ते वाचून दाखवतात. त्याचा साचा कुणी ठरवून दिलेला नाही, पण सगळे तसंच लिहितात. आधी एक अडचण, मग ती देवाने कशी दूर केली, मग आभार. दूर न झालेल्या अडचणीला त्या पत्रात जागाच नसते.

माझ्या सलग तीन पत्रांत एक वाक्य आहे. ‘हवापालटामुळे किरकोळ खोकला आहे, प्रार्थनेत आठवण ठेवावी.’ पुढे लगेच शाळेच्या नव्या पत्र्याबद्दल आभार. खोकला किरकोळ नव्हता. पहाटे उठले की पाच मिनिटं खाटेच्या कडेवर बसून खोकायचे. रात्री घामाने उशी भिजायची. झगे ढगळ व्हायला लागले. नीमा म्हणायची, “जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊ.” मी म्हणायचे, “पुढच्या आठवड्यात.” आणि गुरुवारी दुसऱ्यांच्या आजारपणात जाऊन, त्यांच्या खाटेशी बसून, खोकत खोकत प्रार्थना करायचे.

आता विचार करते तेव्हा याची शरम वाटते. पण तेव्हा खरंच असं वाटायचं की सेवा करायला पाठवलेल्या माणसाने आजारी पडणं म्हणजे मंडळीचा विश्वासघात. आम्ही मिशनरी लोक दुसऱ्याच्या दुखण्याला लगेच धावतो आणि स्वतःचं दुखणं साच्यात बसवून पाठवतो. शेवटी आमच्या हेडमास्तरांनीच महिनाभराची रजा दिली. “घरी जा, आईच्या हातचं खा, जाडी होऊन ये,” म्हणाले. निघताना मी नीमाला सांगितलं, माझी खाट कुणाला देऊ नकोस.

तो दिवस

पुण्यात आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना खोकला आला आणि बेसिनमध्ये रक्त पडलं. थोडंच होतं. मी नळ सोडून ते वाहून जाऊ दिलं आणि आरशात बघत उभी राहिले. तेव्हा मला सगळं कळलं होतं. मागे पप्पा दाढीचं सामान घेऊन उभे होते. त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली आणि म्हणाले, “चप्पल घाल.”

एक्स-रे, थुंकीची तपासणी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी आडवळणाने काही सांगितलं नाही. “टीबी आहे. बरा होतो. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायची नाही. रक्त पडलंय, म्हणून थोडे दिवस ॲडमिट करते.” त्या सरळ बोलण्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. मग त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. “गेल्या तीन-चार महिन्यांत ज्यांच्याबरोबर एका खोलीत राहिलात, बसलात, त्यांची नावं लिहा. सगळ्यांना तपासायला हवं.”

मी लिहिलं, आई. पप्पा. नीमा. मग तिसरीच्या वर्गातली पोरं लिहायला घेतली. नवव्या नावाला पेन थांबलं. वर्गात पुढच्या बाकावर बसणारी मुलं होती ती. मी फळ्याकडे पाठ करून, त्यांच्याकडे तोंड करून, तीन महिने खोकले होते. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

डॉक्टरांनी रडू दिलं. मग विचारलं, “तिकडच्यांना कोण कळवणार?”

“मी,” म्हणाले. अगदी ठामपणे म्हणाले. प्रत्यक्षात कळवायला मला अकरा दिवस लागले.

आईचं पहिलं खोटं

आई बाहेर बाकावर बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “कुणाला बोलायचं नाही.”

याचं कारण सांगायला हवं, नाहीतर तुम्ही माझ्या आईला वाईट समजाल. आई वाघोलीतल्या कॉलेजच्या मुलांना डबे देते. नागपूर, अमरावती, यवतमाळकडून शिकायला आलेली पोरं, तिच्या हातच्या भाजी-पोळीवर राहतात. पप्पा निवृत्त झाल्यापासून घर त्या डब्यांवर चालतं. ज्या घरात टीबी आहे त्या घरचा डबा कोण खाईल? डॉक्टर म्हणाल्या होत्या की हा आजार अन्नातून पसरत नाही, घरातल्यांची तपासणी करून घ्या म्हणजे झालं. आई-पप्पांच्या तपासण्या झाल्या, दोघांनाही काही निघालं नाही. पण आई म्हणाली, “डॉक्टरांचं मला पटलं. पोरांच्या आयांना कोण पटवणार?”

“आणि मंडळीत काय सांगणार?” पप्पांनी विचारलं.

“कावीळ,” आई ताडकन म्हणाली. “परदेशातलं पाणी. कुणालाही पटेल.”

माझी आई खोटं बोलत नाही. लग्नात सुद्धा जेवण बेचव असेल तर यजमानाला तसं सांगते. त्यामुळे तिचं पहिलंच खोटं इतकं सफाईदार निघेल असं मला आणि पप्पांना वाटलं नव्हतं.

आमच्या मंडळीत एक पद्धत आहे. रविवारी उपासनेत पाळकसाहेब आजाऱ्यांची यादी वाचतात. नाव आणि आजार. मग सगळे त्या त्या आजारासाठी प्रार्थना करतात. आईने चिठ्ठी दिली. ‘करुणा, कावीळ.’

आणि मी? मी आईच्या डब्यांच्या आड लपले. खरी गोष्ट अशी की मी नीमाला सांगितलं तर हेडमास्तरांना कळणार, हेडमास्तर पुण्याच्या मंडळीला लिहिणार, आणि मंडळी म्हणणार, पोरीची तब्येत नाजूक आहे, आता दुसऱ्या कुणाला पाठवू. माझे सोळा महिने जातील, माझी खाट जाईल, याची मला भीती होती. आईचं भय निदान तिच्या पोरांच्या जेवणापर्यंत पोचत होतं. माझं माझ्यापलीकडे जात नव्हतं.

वॉर्ड

दहा-बारा दिवस मी वेगळ्या वॉर्डात होते. तळमजला, उंच खिडक्या, सगळ्या सताड उघड्या. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला खिडकी उघडी ठेवायला बजावत होतं. सकाळी सहाला सिस्टर गोळ्या घेऊन यायच्या आणि घशाखाली उतरेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. रिकाम्या पोटी त्या गोळ्या घेतल्या की पोटात ढवळून यायचं. मग वॉर्डातल्या कामवाल्या मावशींचा चहा, मग तपासणी, मग लांबच लांब सकाळ. ज्यांचा पहिला आठवडा चालू आहे त्यांना एक सांगते. लघवी केशरी-लाल होते. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, मी संडासातून किंचाळत बाहेर आले होते. घाबरू नका, ती गोळ्यांची करामत असते. आणि आठवडा-दीड आठवड्यात भूक परत येते. ती इतकी येते की शेजारच्या खाटेवरच्या पोह्यांकडे नजर जाते.

शेजारच्या खाटेवर सुमनबाई होत्या. मार्केट यार्डात कांदे निवडायचं काम करायच्या, पन्नाशीच्या, हाडकुळ्या, आवाज खणखणीत. वॉर्डात नवीन कुणीही आलं, अगदी पंखा दुरुस्त करणारा माणूस आला, तरी त्या आधी ओरडायच्या, “टीबी हाय मला! तोंड बांध अन् मंग आत ये!” मला ऐकूनच लाजल्यासारखं व्हायचं. एकदा विचारलं, “मावशी, एवढं ओरडून कशाला सांगता?”

“मंग काय कानात सांगू?” त्या म्हणाल्या. “माझ्या थोरल्या जावंनं दोन वरीस कानात सांगितलं. तिच्यापायीच मला झाला. तिला मी काई म्हनत न्हाई, ती बी भ्यालीच हुती. पर माझ्यापायी कुनाला व्हायचा न्हाई.”

पप्पांना आत यायची फारशी परवानगी नव्हती. ते रोज बसने यायचे, खिडकीबाहेर उन्हात उभे राहायचे आणि मला पेपर वाचून दाखवायचे. बातम्या नव्हेत, छोट्या जाहिराती. ‘कोथरूडमध्ये शाकाहारी, निर्व्यसनी, शांत भाडेकरू पाहिजे. मांजर चालणार नाही.’ त्यावर सुमनबाई आतून म्हणायच्या, “मानूस तरी चालंल का इचारा.” पप्पा आयुष्यात माझ्याशी इतके कधीच बोलले नव्हते. आजारपणात जे चांगलं हाती लागलं त्यात त्या जाहिराती सगळ्यात वर आहेत.

नीमाचा आवाज

नीमा रोज व्हॉइस मेसेज पाठवायची. वर्गात काय झालं, कोण पहिला आला, पाणी कधी गेलं. शेवटी विचारायची, “तुझा खोकला कसा आहे? पोले साना.” साना म्हणजे फार. मी लिहायचे, बरं आहे. एवढंच.

अकराव्या दिवशी सकाळी दहाचा दुसरा चहा पिताना मी तिचा मेसेज लावला. फोन कानाला न लावता तसाच खाटेवर ठेवला होता. नीमा शाळेतल्या नाटकाबद्दल हसत हसत सांगत होती. मध्येच थांबली आणि खोकली. कोरडा, खोल, लांबलचक खोकला. “सॉरी,” म्हणाली आणि पुढे बोलायला लागली.

सुमनबाईंना स्वाहिली येत नाही. नीमा कोण, कुठली, त्यांना काही ठाऊक नव्हतं. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “ही बी आपल्यातलीच हाय की गं. गोळ्या चालू हायत का तिच्या?”

मी म्हटलं, “नाही. तिला माहीतच नाही.”

“अन् तुला?”

मला माहीत होतं. अकरा दिवस माहीत होतं. सुमनबाईंनी कप उचलून उरलेला चहा संपवला. मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी तिथूनच नीमाला फोन लावला. तिकडे शाळा भरायची वेळ होती, मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. मी सगळं सांगून टाकलं. मला टीबी आहे. अकरा दिवसांपूर्वी कळलं. तुला सांगितलं नाही. तू आजच दवाखान्यात जा, आणि मुलांनाही घेऊन जा. एका दमात बोलले आणि आता ती काय बोलेल याची वाट बघत राहिले. पुण्यात मोठी झालेली मुलगी मी. अशा वेळी काय काय ऐकवता येतं हे मला तोंडपाठ आहे.

पलीकडे तिने वर्गाचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग नीमा म्हणाली, “पोले, करुणा. पोले साना. अकरा दिवस एकटीच होतीस?”

मी फोन छातीशी धरून हमसून रडले. सुमनबाईंनी मास्क सारखा केला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

चार दिवसांत हेडमास्तरांनी वर्गातल्या सगळ्या मुलांना दवाखान्यात नेऊन आणलं. एकाही मुलाला काही निघालं नाही. हे वाक्य मी आजही अधूनमधून मनात म्हणते. नीमाला मात्र टीबी निघाला. मी डॉक्टरांना विचारलं, तिला माझ्यामुळे झाला का? त्या म्हणाल्या, कुणाचा कुणाला लागला हे सांगता येत नाही, शोधत बसू नका. मी शोधत बसत नाही. बहुधा माझाच लागला असं धरून चालते आणि तिला रोज गोळी घेतलीस का विचारते.

हेडमास्तरांचाही फोन आला. “महिनाअखेरीस मला तुझ्या मंडळीला हे कळवावं लागेल,” म्हणाले. “त्यांना ते माझ्याकडून कळू नये. तुझ्याकडून कळावं.”

उसाचा रस

घरी आले तोवर कावीळ जोरात होती. मंडळीतली माणसं येऊन दारातच उसाच्या रसाच्या बाटल्या देऊन जायची. कुणी मुळ्याचा पाला आणला, कुणी बिनतेलाचं वरण. एक काकू तर कुठल्याशा गावच्या वैद्याचं नाक-डोळ्यांत घालायचं औषध घेऊन आल्या होत्या. आई सगळ्यांचे आभार मानायची आणि दार लावून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. प्रेमाने आणलेलं चुकीचं औषध परत करता येत नाही आणि घेताही येत नाही. मी हसले की ती चिडायची. “तुला मजा वाटते. मला रोज तोंडावर हसू आणावं लागतं.”

मी तिला म्हटलं, “आई, येत्या रविवारी मी सांगणार आहे.”

“डबे बंद झाले तर?”

“झाले तर झाले. मी कुठेतरी शिकवायला लागेन.”

“तू कुठे लागणार? तू तर परत जाणार आहेस,” आई म्हणाली. त्या खोट्याखाली माझ्याबद्दलची तिची भीती होती हे मला तेव्हा कळलं. टीबीची बातमी फुटली तर माझं जाणं थांबेल, हेही तिने त्या दिवशी बाकावर बसून हिशोबात धरलं होतं. ज्या मुलीला पाठवताना विमानतळावर ती एक अक्षर बोलली नव्हती, तिला परत जाता यावं म्हणून ती खोटं बोलत होती. मी तिला मिठी मारायला गेले. “मास्क लाव आधी,” ती म्हणाली.

चौथ्या रविवारी डॉक्टरांच्या परवानगीने मी मास्क लावून उपासनेला गेले. सगळ्यात मागे, दाराजवळ बसले. पाळकसाहेबांनी यादी वाचायला घेतली. “करुणा, कावीळ.”

मी उभी राहिले. “पाळकसाहेब, कावीळ नाही. टीबी आहे. गोळ्या चालू आहेत, मी बरी होते आहे. टांझानियात माझ्या मैत्रिणीलाही निघाला आहे, आणि मी तिला वेळेवर सांगितलं नाही. माझ्या पत्रातला किरकोळ खोकला किरकोळ नव्हता.”

माझ्या पुढच्या बाकावरचं एक जोडपं थोडं सरकून बसलं, ते मी पाहिलं. मग एका आजोबांचा आवाज आला, “तरीच. एवढा उसाचा रस पिऊन कावीळ उतरत कशी नाही म्हणतोय मी.” आधी पाळकसाहेब हसले, मग सगळे. प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून झाली.

आई हसली नाही. सबंध दिवस माझ्याशी बोलली नाही.

डब्यातली चिठ्ठी

सोमवारी सकाळी मी उठले तर आई ओट्याशी बसून चिठ्ठ्या लिहीत होती. प्रत्येक डब्याला एक. बाहेरून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असं तिने ठरवलं होतं. एक चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. ‘घरी टीबीचा पेशंट आहे. उपचार चालू. माझी तपासणी झाली, मला नाही. डॉक्टर म्हणतात डब्याने होत नाही. तरी ज्यांना डबा नको त्यांनी आजच सांगावे. उद्याची भाजी निवडायची आहे.’

संध्याकाळी डबे परत आले. काहींनी बंद केले. एकाच्या आईने यवतमाळहून फोन करून बरंच सुनावलं, आईने ते सगळं ऐकून घेतलं. पण बहुतेकांनी काहीच लिहिलं नव्हतं, म्हणजे डबा चालू. एका डब्यात उलट चिठ्ठी होती. ‘काकू, माझ्या मामालाही झाला होता, ठणठणीत आहे. डबा चालू ठेवा. फक्त वांगं आठवड्यातून एकदाच करा.’ आई ती चिठ्ठी वाचून रडली. आणि वांगं कमी केलं नाही.

पुढचे महिने सरळ गेले. सरळ म्हणजे कंटाळवाणे, आणि या आजारात कंटाळा आला की समजावं सगळं नीट चाललंय. सकाळी साडेसातला मी गोळ्या घ्यायचे, तेव्हा नीमाकडे पहाटेचे पाच वाजलेले असायचे. उठली की नळावर जायच्या आधी ती गोळ्या घेऊन मला मेसेज करायची. कधी ती मळमळीने वैतागायची, कधी मी. आई सुरुवातीला व्हिडिओ कॉलवर नुसती मान हलवायची. पुढे ती फोन हातात घेऊन तिला मराठीत विचारायला लागली, “जेवलीस का?” नीमा काय म्हणते ते तिला कळत नसे, पण ‘पोले’ कळायचं. पोळ्या करताना आईचा हात भाजला तर मी पोले म्हणायचे आणि ती म्हणायची, “पोले बिले नंतर, तवा बघ.”

मंडळीने मला काढून टाकलं नाही. पाळकसाहेबांनी एवढंच विचारलं, “डॉक्टरांचं पत्र मिळालं की तिकीट काढायचं ना?” इतके दिवस मी ज्याला घाबरले होते ते दोन मिनिटांत संपलं.

गोळ्या संपल्यानंतरचा रविवार. डॉक्टरांचं पत्र माझ्या पर्समध्ये, या वेळी घडी न घालता. यादी वाचताना पाळकसाहेबांनी माझं नाव आजाऱ्यांतून काढून आभारांमध्ये वाचलं. मी उभी राहून हात जोडले आणि खाली बसले. मग नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, “आणखी कुणाचं नाव आहे?”

माझ्या शेजारी आई उठून उभी राहिली. मंडळीत ती कधी बोलत नाही. तिने पदर खांद्यावर ओढून घेतला.

“नीमा,” ती म्हणाली, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. “टांझानियातली. माझ्या मुलीच्या खोलीत राहते. टीबी आहे. फुफ्फुसाचा. अजून थोड्याच दिवसांच्या गोळ्या राहिल्यात.”

आणि खाली बसली. पाळकसाहेबांनी कागदावर लिहून घेतलं. सगळ्यांनी डोळे मिटले, आणि या वेळी आजाराचं नाव बरोबर होतं.